अकरा नंबरची खुर्ची

सरकारला बर्फात बाहेर काढायला त्या सकाळी सत्तेचाळीस मिनिटं लागली. आतले मोजे, बाहेरचे मोजे, लोकरी चड्डी, त्यावर गुबगुबीत झबलं आणि सगळ्यावर कानटोपी असा पोशाख चढवून शेवटची चेन गळ्यापर्यंत ओढली, की सरकारचा चेहरा लाल व्हायचा आणि खालून एक ओळखीचा आवाज यायचा. मग सगळं उलट क्रमाने काढायचं. आज हे दोनदा झालं होतं. सरकार म्हणजे दहा महिन्यांची मुलगी. घरात तिच्या मर्जीशिवाय पान हलत नसे, म्हणून हे नाव पडलं होतं.

दहा महिन्यांचं मूल घेऊन परदेशात स्कीइंगला जायची कल्पना सरकारच्या आईची. ती परिचारिका. वॉर्डातल्या तिच्या कपाटाच्या दाराला आतून एका बर्फाळ उताराचं चित्र चिकटवलेलं होतं. सहा वर्षं रात्रपाळीला जाताना ती ते बघत होती. लग्नाआधी जमलं नाही, लग्नानंतर जमलं नाही, आणि बाळ झाल्यावर लोक म्हणाले, आता विसरा. तेव्हा तिने हट्टाने चार दिवसांची सहल ठरवली. फार काही मागणं नव्हतं. फक्त एक तास. पायाला स्की बांधून तो उतार एकदा उतरायचा, बस.

पहिल्या दिवशी सरकारला दाताचा ताप आला. दुसऱ्या दिवशी वादळ आलं. तिसऱ्या दिवशी आई बूट घालून रांगेत उभी राहिली आणि सरकारने प्यायलेलं सगळं दूध त्या बुटांवर काढलं. आज चौथा, शेवटचा दिवस. संध्याकाळी विमान. शिकवणी अकरा ते बारा, आणि तेवढा वेळ सरकारला खाली सांभाळायचं काम बापाकडे होतं.

बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. कामावर त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण तो पेटी उघडायच्या आधी नुसता दाराला कान लावून सांगायचा, की दोर सैल आहे की ब्रेक घासतोय. त्या कानांचा त्याला भारी अभिमान. एकच गोष्ट त्या कानांत शिरत नसे, ती म्हणजे बायकोचं बोलणं. असं बायकोचं म्हणणं होतं, आणि त्याने ते अजून नीट ऐकलेलं नव्हतं.

उताराच्या पायथ्याशी खुर्च्यांची लिफ्ट होती. एक मोठं आडवं चाक गरगरत होतं. त्याच्याभोवतीच्या जाड तारेला खुर्च्या लटकल्या होत्या आणि एकेक खुर्ची माणसं उचलून डोंगरावर नेत होती. बाजूला लिफ्टवाल्याची काचेची खोली. कानसेन बाबागाडी धरून त्या चाकाकडे बघतच राहिला. गाडी भाड्याची, खाली चाकांऐवजी घसरपट्ट्या लावलेली. सरकार आत डोळे चोळत होतं.

"ऐक, ड्यूटी देतेय," बायको हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाली. "दूध सव्वादहाला, पूर्ण संपवलंय. शी दोनदा. उजवीकडचा दात दुखतोय, तोंडात बोट घातलं तर घालू दे. झोपेला आलीय, म्हणून डबी लावून पिशवीच्या तळाशी ठेवलीय. बंद करू नकोस. आलं लक्षात?"

"हं," कानसेन म्हणाला. चाकाचा व्यास किती असेल, याचा तो विचार करत होता.

वॉर्डात नुसत्या 'हं'वर कोणी पेशंट ताब्यात देत नाही. पण अकराला पाच मिनिटं कमी होती, शिकवणारा वर वाट बघत होता आणि खुर्ची मागून येऊन गुडघ्यांना टेकली होती. बायको बसली, आडवी दांडी पुढ्यात आली, पाठीवर ठळक अकरा आकडा असलेली ती खुर्ची वर निघाली. बायकोने मागे वळून हात हलवला. ती हसत होती. इतकं हसू तिच्या चेहऱ्यावर कानसेनने बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि त्याला बरं वाटलं.

आता ती डबी काय, ते सांगायला हवं. हे तिघं सातव्या मजल्यावर राहत, म्हणजे सगळ्यात वर, आणि त्यांच्या झोपायच्या खोलीच्या बरोब्बर डोक्यावर इमारतीच्या लिफ्टचं मशीन. जन्मल्यापासून सरकार त्याच घरघरीवर झोपलेलं. लिफ्ट बंद पडली की सरकार जागं. चार महिन्यांपूर्वी मशीन जरा जास्तच कुरकुरायला लागलं, तेव्हा कानसेन तेलाची बुधली घेऊन वर निघाला होता. बायकोने त्याला जिन्यातच अडवलं. "दात येईपर्यंत त्या मशीनला हात लावायचा नाही. हल्ली तर ती लवकर झोपते." चौथ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर रोज तक्रार करत. कानसेन त्यांना सांगे, "मास्तर, मशीन आहे, आवाज करणारच."

सहलीला निघायच्या आधी बायकोने मशीनच्या खोलीत जाऊन अर्धा तास तो आवाज भरून घेतला आणि एका छोट्या स्पीकरमध्ये परत परत वाजेल असा घातला. तीच डबी. या चार दिवसांत ती रोज वाजली होती, पण कानसेनने ती नीट ऐकलेली नव्हती. कारण डबी सुरू झाली, की सरकारच्या आधी बाप घोरायला लागायचा.

बायको वर गेली आणि दोन मिनिटांनी कानसेनचे कान टवकारले. कुठूनतरी आवाज येत होता. घर्र, घर्र, आणि मधेच एक बारीक कट्. त्याने कानटोपी वर केली. आवाज जवळचाच होता. समोर चाक फिरत होतं.

हा आवाज त्याने नोकरीत दोनदा ऐकला होता. दोन्ही वेळा नंतर मशीन भंगारात गेलं होतं.

तो गाडी ओढत काचेच्या खोलीत घुसला. लिफ्टवाला साठीचा, गळ्यात साखळीने किल्ली लटकवलेला, हातात कपातलं कढत पाणी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तिसरी एक भाषा दोघांनाही अर्धीमुर्धी येत होती, तीत ते बोलले. इथे ते मराठीत दिलेलं बरं.

"बेअरिंग," कानसेन म्हणाला. "चिरलंय. ऐका."

लिफ्टवाल्याने ऐकलं. घर्र, घर्र, कट्. "एकतीस वर्षांत हा आवाज मी ऐकला नाही," तो म्हणाला.

"आठ दिवससुद्धा टिकणार नाही. कदाचित आजच..." कानसेनने तारेकडे पाहिलं. वर बायको होती. त्याने भिंतीवर लाल बटण पाहिलं आणि दाबलं.

चाक थांबलं. डोंगरभर खुर्च्या एकदम थबकल्या आणि लटकत झुलू लागल्या. आणि त्याच क्षणी तो आवाजही थांबला. डबीतली लिफ्ट तेव्हा तिच्या तळमजल्यावर पोचली होती, हा योगायोग. पण खोलीतल्या दोन्ही माणसांना आणखी पुरावा नको होता.

"बघितलंत?" कानसेन म्हणाला. आवाजात थोडा तोराच होता.

लिफ्टवाल्याने त्याचा हात हातात घेऊन दाबला. मग रेडिओवर वरच्या माणसांना कळवलं. लाल बटण दाबल्यावर लिफ्ट लगेच चालू करता येत नसे, असा तिथला नियम. बर्फावरच्या स्कूटरवरून माणूस येणार, तारेचे एकोणीसच्या एकोणीस खांब तपासणार, मगच किल्ली फिरणार. अर्धा-पाऊण तास कुठे गेला नाही. वर लटकलेल्यांचा गलका ऐकू यायला लागला होता. कानसेनने मनातल्या मनात बायकोची माफी मागितली. शिकवणीचा तास जात होता, पण जीव वाचला होता. संध्याकाळी ती स्वतःच आभार मानेल, अशी त्याची खात्री होती.

गाडी शेजारी लावून दोघांनी मिळून मशीनचं झाकण उघडलं. वीज तोडलेली, मोटर गप्प, चाक जागच्या जागी. कानसेनने बॅटरी मारून बेअरिंग बघितलं. ते नव्यासारखं लखलखत होतं. त्याने बोट फिरवलं, चीर नाही. लिफ्टवाल्याने बोट फिरवलं, चीर नाही. दोघे एकमेकांकडे बघत असताना बंद मशीनमधून आवाज यायला लागला.

घर्र, घर्र, कट्.

लिफ्टवाला दोन पावलं मागे सरकला. "वीज नाहीये," तो हळूच म्हणाला. "मी स्वतः काढलीय."

"मला माहितेय," कानसेन म्हणाला. थांबलेल्या चाकातून चालू चाकाचा आवाज येतो, असं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दोघेही हलले नाहीत. आणि मग त्या परक्या देशातल्या बंद मशीनने खणखणीत मराठीत विचारलं:

"अरे, दार कुणी उघडं टाकलंय? लावा रे ते, मी काय जन्मभर इथेच उभा राहू?"

लिफ्टवाल्याच्या हातातला कप खाली पडला. कानसेन तर मटकन खालीच बसला. तो आवाज चौथ्या मजल्यावरच्या मास्तरांचा होता. मास्तर रोज सकाळी लिफ्टच्या पोकळीत तोंड घालून हेच ओरडत, आणि ते थेट मशीनच्या खोलीपर्यंत ऐकू येत असे.

मग त्याने हळूहळू मान वळवली. बाबागाडीत सरकार गाढ झोपलं होतं. आवाज गाडीच्या दांडीला लटकवलेल्या पिशवीतून येत होता.

पिशवी उपसायला सुरुवात झाली. लंगोट, पुसायचे कपडे, दुधाची बाटली, दुसरी बाटली, एक मोजा, ज्याचा जोडीदार तीन दिवस सापडत नव्हता, आणि तळाशी डबी. लिफ्टवाल्याने ती हातात घेऊन कानाला लावली, मग कानसेनकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग यायला माणूस आधी धक्क्यातून बाहेर यावा लागतो.

"हे काय आहे?"

"आमच्या घरची लिफ्ट."

"तुम्ही घरची लिफ्ट सोबत आणलीत?"

"फक्त आवाज. मुलीला झोप लागत नाही."

लिफ्टवाल्याने डबी पुन्हा कानाला लावली. मग म्हणाला, "पण हे बेअरिंग खरंच गेलेलं आहे."

कानसेनच्या डोक्यात आत्ता लख्ख उजेड पडला. बेअरिंग चिरलेलं होतं, आठ दिवस टिकणार नव्हतं, निदान अगदी बरोबर होतं. फक्त मशीन त्याच्याच डोक्यावरचं होतं. चार महिने रोज त्याखाली झोपून त्याला ते ऐकू आलं नव्हतं. त्याने मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, लिफ्ट वापरू नका. कुणालाच वापरू देऊ नका."

"मी आत्ता लिफ्टमध्येच आहे," मास्तर म्हणाले.

"उतरा. येईल त्या मजल्यावर लगेच उतरा."

थोडा वेळ फोनमधून घर्र, घर्र, कट् एवढंच ऐकू आलं. कानसेनने डोळे मिटून घेतले. मग दार सरकल्याचा आवाज आला.

"उतरलो. दुसरा मजला," मास्तर म्हणाले. "आता सांगा."

"बेअरिंग गेलंय. तळमजल्यावर मेन स्विच आहे, तेवढा पाडा. चूक माझी आहे मास्तर."

"चार महिने मी काय सांगत होतो? तुम्ही म्हणायचात, मशीन आहे, आवाज करणारच. आणि तुम्हाला हे कळलं कुठून? तुम्ही तर परदेशात आहात ना?"

"इथे ऐकू आलं."

"एवढे कान असून इथे राहताना काय झालं होतं हो तुम्हाला?" मास्तर म्हणाले. "आता मी आधी दोन मजले उतरायचे आणि मग चार चढायचे. गुडघे माझे आहेत, तुमचे नाहीत." आणि त्यांनी फोन ठेवला.

तोवर लिफ्टवाला दुर्बीण लावून खुर्च्या मोजत होता. नियमच होता तसा, लिफ्ट थांबली की लटकलेली माणसं मोजायची. चार नंबर हात हलवतोय. सात नंबर शिव्या देतोय. नऊ नंबर दोघे आहेत, फोटो काढतायत. अकराशी येऊन दुर्बीण थांबली.

"अकरा नंबरवर कोण आहे?"

"माझी बायको."

"मान खाली पडलीय," लिफ्टवाला म्हणाला. "हात लोंबतायत. हालचाल नाही."

कानसेनने दुर्बीण हिसकावून घेतली. खरंच होतं. अकरा नंबरच्या खुर्चीत ती दांडीवर पुढे कलंडली होती. आजूबाजूचे सगळे ओरडत होते आणि ती एकटी स्तब्ध होती. थंडी, भीती, अचानक बसलेला हिसका, काय काय त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. सहा वर्षं चित्र बघून जी बाई इथे आली, तिला आपण लाल बटण दाबून अधांतरी टांगलं. तेही घरच्या लिफ्टच्या आवाजापायी.

"बोला तिच्याशी," लिफ्टवाल्याने माइक पुढे केला. प्रत्येक खांबावर कर्णा होता.

"अगं, ऐकू येतंय का?" सगळा डोंगर कानसेनच्या आवाजाने भरून गेला. "मी बोलतोय. घाबरू नकोस. लिफ्टला काही झालेलं नाही, मीच बंद केली. म्हणजे मला वाटलं, बेअरिंग गेलं. ते गेलंच होतं, पण आपलं. तू म्हणाली होतीस डबी लावलीय, माझं लक्ष नव्हतं. माझं कधीच लक्ष नसतं. हात हलव गं, नुसतं बोट हलव." बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. एकोणीस कर्ण्यांमधून तो एकोणीस वेळा फुटला. चार नंबरवाला, सात नंबरवाला, सगळे गप्प होऊन ऐकू लागले. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण नवरा माफी मागतोय एवढं कळायला भाषा लागत नाही.

अकरा नंबर हलला नाही.

लिफ्टवाल्याला वाटलं, निदान ती भयानक घरघर तरी बंद करावी. त्याने डबीचं बटण दाबलं. घरघर थांबली, सरकारने डोळे उघडले, अनोळखी मिशा पाहिल्या आणि भोकाड पसरलं. माइक चालूच होता.

तो आक्रोश एकोणीस खांबांवरून निघाला आणि अकरा नंबरच्या खुर्चीतलं डोकं खाडकन वर आलं. बाई अर्धवट झोपेत ताडकन उठायलाच निघाली, पाळण्याकडे जायला. दांडी होती म्हणून बरं. नाहीतर त्या उंचीवरून पुढे काय झालं असतं, ते दुर्बिणीतून बघायची कानसेनची तयारी नव्हती.

"डबी लावा," तो किंचाळला. "आधी डबी लावा."

लिफ्टवाल्याने घाईघाईत डबी लावली, माइकच्या शेजारीच. घर्र, घर्र, कट्, आता एकोणीस खांबांमधून एकदम. चार नंबरने दांडीला मिठी मारली. सात नंबरने शिव्या सोडून प्रार्थना सुरू केली. खाली रांगेत उभी असलेली माणसं न बोलता हॉटेलच्या दिशेने चालू लागली. सरकारने एक उसासा टाकला आणि अंगठा तोंडात घालून डोळे मिटले. आणि वर, अकरा नंबरच्या खुर्चीत, एक डोकं हळूहळू पुन्हा खाली कललं.

दोघे दुर्बिणीतून आळीपाळीने बघत राहिले. "झोपल्यात त्या," शेवटी लिफ्टवाला म्हणाला. त्याने एकतीस वर्षांत या तारेवर माणसं रडताना, भांडताना, लग्नाची मागणी घालताना पाहिली होती. झोपलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

स्कूटरवाला येऊन एकोणीस खांब तपासून गेला, किल्ली फिरली आणि खुर्च्या अगदी सावकाश चालू झाल्या. वरच्या टोकाहून रेडिओ खरखरला. "अकरा नंबरच्या बाई उतरत नाहीत. हलवून पाहिलं, तर झोपेतच पाच बोटं दाखवतात आणि मूल हातात दिल्यासारखी खूण करतात. आम्ही कोणाला घ्यायचं?"

"खाली पाठवा," लिफ्टवाला म्हणाला.

अशी ती खुर्ची वरच्या चाकाला वळसा घालून, स्की न टेकता, खाली येऊ लागली. कानसेन पायथ्याशी उभा राहून बोलायची वाक्यं जुळवत होता. बारा वाजत आले होते. शिकवणी बुडाली होती, संध्याकाळी विमान होतं, कपाटाच्या दारावरचं ते चित्र आता तसंच राहणार होतं. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. रागावली तर ऐकून घ्यायचं, अगदी कान देऊन ऐकून घ्यायचं, असं त्याने ठरवलं.

खुर्ची आली. बायकोच्या गालावर दांडीचा आडवा वळ उठला होता. तिने डोळे किलकिले करून चाकाकडे, नवऱ्याकडे, झोपलेल्या सरकारकडे पाहिलं.

"किती वेळ झाला?"

"बावन्न मिनिटं," तो खाली मान घालून म्हणाला.

"सलग?"

"मधे एकदा उठली होतीस. पण तेवढंच."

"बावन्न," ती स्वतःशीच म्हणाली. "स्वप्नात आपली लिफ्ट ऐकू येत होती. आणि मला उठायचं नव्हतं." तिचे डोळे भरून आले होते. तिने ते हातमोज्याने पुसले.

कानसेनने पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मास्तरांचे गुडघेसुद्धा सांगितले. तेवढ्यात लिफ्टवाल्याचा रेडिओ पुन्हा बोलला, आणि त्याला कानसेनची इतकी दया आली होती, की आनंदाची बातमी त्याने स्वतः धावत येऊन दिली. शिकवणाऱ्याला दुपारी दोनला अर्धा तास मोकळा होता. बाईंनी वर यावं, तो शिकवेल.

बायकोने वर पाहिलं. उन्हात उतार चमकत होता, अगदी चित्रातल्यासारखा. ती बराच वेळ बघत राहिली.

"त्यांना म्हणावं, शिकवणी नको," ती म्हणाली. "खुर्ची तेवढी द्या. अकरा नंबरची." मग नवऱ्याकडे वळली. "तू दोनला इथेच उभा राहा."

"पण बंद कशी पाडू?" कानसेन गोंधळून म्हणाला. "मशीनमध्ये काही बिघाड नाहीये."

"तुझ्या कानांना काहीतरी ऐकू येईलच."

लिफ्टवाल्याला शब्द कळले नव्हते. पण त्याने एकदा बाईकडे पाहिलं, एकदा लाल बटणाकडे पाहिलं, आणि गळ्यातली किल्ली, दोननंतर ती लवकर हाताला लागू नये अशी, कोटाच्या आत सरकवून वरपर्यंत गुंड्या लावल्या.